बॅग भरायच्या आधी

पूर्वी परदेशी जाणं म्हणजे एकतर नोकरी, नाहीतर लग्न. मुलगी अमेरिकेला गेली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘जावई काय करतात?’ आता तसं राहिलं नाही. संभाजीनगरच्या कडेला असलेलं आमचं हर्सूल, शहर वाढत वाढत कधीच आमच्या अंगावर येऊन बसलं. पण इथल्या मुलीसुद्धा आता ‘व्हॉलंटियर म्हणून जायचंय’ असं बिनदिक्कत सांगतात. व्हॉलंटियर म्हणजे बिनपगारी, आपल्या खर्चानं, कुणाच्या तरी उपयोगी पडायला. त्यातही सगळ्यांत ओढ कशाची असेल, तर अनाथ मुलांची. साहजिकच आहे. लहान लेकरू उपाशी, एकटं आहे म्हटल्यावर कुणाचं काळीज हलणार नाही?

आमच्या गल्लीतली एक मुलगी अशीच निघाली होती. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीमार्फत केनियातल्या एका बालगृहात सहा आठवडे राहायचं, मुलांना शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, असा कार्यक्रम. फी आणि विमानाचं तिकीट मिळून दोन लाखांच्या घरात. तिच्या आईनं मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडायची तयारी केली होती. एक दिवस दुपारी कागदांची पिशवी घेऊन वहिनी आमच्याकडे आल्या. ‘ताई, तुम्ही लिहिता-वाचता, जरा बघा ना हे. पोर चांगल्या कामाला चालली, नाही कसं म्हणू? पण माझा जीव खालीवर होतोय.’

मी कागद बघितले. रंगीत, गुळगुळीत. हसणारी मुलं, त्यांच्या गळ्यात हात टाकून बसलेल्या गोऱ्या मुली. सोबत आणायच्या सामानाची यादी मात्र फार बारकाईनं केलेली. मच्छर पळवायचं मलम, टॉर्च, सुती कपडे, मुलांसाठी फुगे आणि खडू. आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत, ‘अनुभवाची गरज नाही.’

ती ओळ मला काही केल्या पचेना. आपल्याकडे अंगणवाडी सेविका व्हायचं म्हटलं तरी आता बारावी पास असावं लागतं. शाळेत मुलांना खिचडी वाढणाऱ्या बाईचीसुद्धा चौकशी होते. आणि इथं ज्या मुलांचं सगळ्यांत जास्त हिरावून घेतलं गेलंय, त्यांच्यात जाऊन राहायला काहीच लागत नाही? फक्त पैसे भरले की झालं?

म्हणून मग मी जरा खोलात गेले. आणि जे कळलं ते तुमच्यापुढं मांडते, कारण असे रंगीत कागद आज ना उद्या तुमच्याही घरी येतील.

पहिली गोष्ट, अनाथालयातली सगळी मुलं अनाथ नसतात. जगभरातल्या अशा संस्थांमधल्या दहांपैकी आठ मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात, असा अंदाज या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. मग मुलं तिथं का? गरिबीमुळं. शाळा मिळेल, दोन वेळचं जेवायला मिळेल म्हणून आईबापच आणून सोडतात. कंबोडियाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथं २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारे पाऊणपटीनं वाढली. याच काळात अनाथ मुलं काही एवढी वाढली नव्हती. वाढले होते ते पर्यटक. परदेशी पाहुणे येतात, मुलांना बघून कळवळतात, पैसे देऊन जातात, हे लक्षात आल्यावर काही लोकांनी त्याचा धंदाच केला. मग खेड्यापाड्यांतून मुलं गोळा करून आणायची, ‘शिकवतो’ म्हणून आईबापांना सांगायचं आणि पाहुण्यांपुढं अनाथ म्हणून नाचवायचं. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्या वेळी मुलांना असं अनाथालयांत आणून बसवणं हाही गुलामगिरीचाच प्रकार म्हणून तिथं चर्चेला आला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला, त्यात अनाथालयांतल्या अशा पर्यटकी सेवेमुळं मुलांचं नुकसान होतं, ते थांबवा, असं सगळ्या देशांना सांगितलं. आणि आमची मुलगी जिथं निघाली होती त्या केनियाच्या सरकारनं २०२२ साली दहा वर्षांचा आराखडाच जाहीर केलाय, मुलांना संस्थांमधून काढून पुन्हा कुटुंबात नेण्याचा. म्हणजे सरकार म्हणतंय मुलं घरी जाऊ द्या, आणि कंपनी म्हणतेय या, मुलं तयार आहेत!

सगळ्या संस्था अशा असतात असं मुळीच नाही. मनापासून काम करणाऱ्या कितीतरी आहेत. पण चांगली कुठली आणि दुकान कुठलं, हे रंगीत कागदावरून कळत नाही, एवढं खरं.

आईबाप असून संस्थेत राहणारी मुलं, हे ऐकून ‘परदेशात काय काय चालतं बाई’ असं म्हणू नका. बाहेरच्या माणसाला हर्सूल म्हटलं की आधी आठवतो तो तुरुंग. आमच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत बघतच इथली मुलं लहानाची मोठी होतात. तर कायदा असा आहे, की तुरुंगात असलेल्या बाईचं लहान मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये याबद्दल सविस्तर सूचना दिल्या. सहा वर्षं झाली की मूल बाहेर. नातेवाईक नेणार असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर संस्थेत. त्या लेकराची आई जिवंत आहे, त्याच्यासाठी रडतेय, दिवस मोजतेय. आता विचार करा, कुणीतरी सहा आठवड्यांसाठी येऊन त्या मुलाला कुशीत घेऊन म्हणालं, ‘मीच तुझी आई’, तर?

इथंच मला वाटतं खरा मुद्दा आहे, आणि तो चांगल्या संस्थेलाही लागू आहे.

तुम्ही कधी बालगृहात गेला असाल तर बघितलं असेल. आपण फाटकातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच चार-पाच चिमुरडी धावत येतात. ओळख ना पाळख, पण पदर धरतात, कडेवर घ्या म्हणतात, निघताना सोडत नाहीत. आपल्याला भरून येतं. ‘किती प्रेमळ आहेत गं मुलं, किती लवकर लळा लागला!’ आता आपल्या घरचं दोन-तीन वर्षांचं मूल आठवा. अनोळखी बाई दारात आली की ते काय करतं? आईच्या पाठीमागं लपतं. साडीत तोंड खुपसतं. तेच निरोगी वागणं आहे. ज्या मुलाला आपली माणसं कोण ते माहीत आहे, त्यालाच परकं कोण ते कळतं. जे मूल येईल त्याच्या गळ्यात पडतं, त्याला ‘आपलं माणूस’ ही गोष्टच पक्की मिळालेली नसते. ते प्रेमळपण नव्हे, ती जखम आहे. आणि दर सहा आठवड्यांनी नवी ताई येऊन, लळा लावून, रडत रडत निघून गेली, की त्या जखमेची खपली दर वेळी निघते. ताई विमानात बसते, फोटो बघत डोळे पुसते. मूल पुढच्या ताईची वाट बघतं. पुढं पुढं वाट बघायचंही सोडून देतं.

हे काही माझ्या मनचं नाही. रुमानियात १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा जगाला कळलं की तिथल्या सरकारी संस्थांमध्ये लाखाहून जास्त मुलं पडून आहेत. खायला होतं, अंथरूण होतं. पण एकेका बाईकडे इतकी मुलं, की उचलून घ्यायला कुणी नाही. पुढं २००० साली बुखारेस्टमध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १३६ बाळांचा अभ्यास सुरू केला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, तयार केलेल्या पालक कुटुंबांत दिली, निम्मी संस्थेतच राहिली. वर्षानुवर्षं तपासणी चालली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसांशी जडणारं नातं, सगळ्यांत फरक दिसला. आणि जी दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांच्यात बहुतेक गोष्टींत सगळ्यांत जास्त. आपल्या आज्या हे न शिकताच सांगायच्या, बाळाला एक हात लागतो म्हणून. एकच. दहा हात लागले की बाळ किरकिरं होतं.

मग काय, जायचंच नाही का? मलाही वहिनींनी हेच विचारलं. मी म्हटलं, जायला हवं. पण तयारीनं.

तयारी म्हटलं की मला पंडिता रमाबाईच आठवतात. त्यांच्या धर्मांतरावरून जे वाद झाले तो वेगळा विषय, त्यात आज नको शिरायला. पण अनाथ, विधवा मुलींसाठी काम करायचं ठरवलेल्या या बाईनं परदेशात जाऊन केलं काय, ते बघण्यासारखं आहे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेलेली. पुढं नवराही पटकीनं गेला, पदरात मनोरमा नावाची लहानगी. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी म्हणून अमेरिकेला गेल्या आणि तिथं तीनेक वर्षं राहिल्या. आता त्यांना काय कमी होतं? संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ पदवी दिलेली. पण फिलाडेल्फियात त्या बालवाडीचं शिक्षण घ्यायला बसल्या! फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थानं काढलेली किंडरगार्टनची पद्धत, लहान मुलांना खेळातून कसं शिकवायचं ती, त्यांनी विद्यार्थिनी होऊन समजून घेतली. शाळा बघितल्या, संस्था बघितल्या, त्या चालतात कशा, पैसा कुठून येतो, हिशेब कोण ठेवतं, सगळं विचारलं. गावोगाव भाषणं दिली, बोस्टनमध्ये मदतीसाठी मंडळ उभं केलं. मग परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी, ज्या पुढं धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन तीनेकशे बायका-मुली घेऊन आल्या, आणि पुण्याजवळ केडगावला मुक्तीचं घर उभं राहिलं. शिवण, विणकाम, छापखाना, दूधदुभतं, आंधळ्या मुलींची शाळा. १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या तिथंच होत्या.

म्हणजे बघा, परदेशात गेल्या त्या शिकायला. आणि मुलांमध्ये राहायला आल्या त्या कायमच्या. आपण नेमकं उलटं करतो. शिकत काही नाही, आणि मुलांमध्ये जातो ते सुट्टीपुरतं.

सिंधुताई सपकाळ म्हणजे आपल्या माई. त्यांच्याकडे मुलं वाढली, शिकली, लग्नं झाली, नातवंडं आली, तरी ‘माई’ होत्याच. सणाला यायला घर होतं. ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या तेव्हा त्यांची किती लेकरं रडली ते आपण टीव्हीवर बघितलं. संस्थेत वाढणाऱ्या मुलाला फुगे आणि खडू नाही लागत हो, असं माणूस लागतं.

असो. आता रोकड्या गोष्टी. जायचं ठरवलंच असेल तर बॅग भरायच्या आधी त्या संस्थेला पत्र लिहा, आणि थेट संस्थेला लिहा, मधल्या कंपनीला नव्हे. विचारा, तुमची संस्था तुमच्या सरकारकडे नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक काय? मुलांपैकी किती जणांचे आईवडील हयात आहेत, आणि त्यांना घरी पाठवायचा काही प्रयत्न चालू आहे का? मुलांना रोज सांभाळणाऱ्या बायका तिथल्याच आहेत का, किती आहेत? मी दिलेल्या पैशातला किती संस्थेत पोचतो? मी जाईन तेव्हा माझं काम कोण करणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘पुढची व्हॉलंटियर’ असं आलं, तर माझ्या मते तिथं जाऊ नये.

आणि एक उलटी खूण सांगते. जी संस्था तुम्हालाच उलटे प्रश्न विचारते, तुमचा पोलिसांचा दाखला मागते, ओळखीच्या दोन माणसांची पत्रं मागते, तुमचा क्षयाचा तपास झालाय का विचारते, सहा आठवडे कमी आहेत म्हणून नाही म्हणते, ती संस्था चांगली. राग मानू नका. आपल्या मुलीला पाळणाघरात ठेवताना आपणही असंच विचारू ना?

पोलिसांच्या दाखल्याची एक गंमत आहे. हा ‘पोलीस क्लिअरन्स’चा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. पण टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्याला तो देत नाहीत. नोकरी, लांब मुदतीचं वास्तव्य अशा कारणांसाठीच देतात. म्हणजे कंपनीनं ‘टुरिस्ट व्हिसावर या, कुणी विचारत नाही’ असं सांगितलं असेल, तर तिथंच गाडी अडते. आणि अडावीच. पगार नसला तरी काम ते कामच, असं बऱ्याच देशांचं म्हणणं असतं. आपलंच बघा ना, परदेशी माणूस आपल्याकडे एखाद्या संस्थेत फुकट सेवा करायला येणार असेल, तर आपलं सरकार त्याला रोजगाराचा व्हिसा घ्यायला लावतं, त्यावर संस्थेचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. तेव्हा ज्या देशात जायचं त्याच्या वकिलातीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी.

आफ्रिकेत जायचं तर पीतज्वराची लस. केनिया, युगांडा अशा देशांतून परतताना तिचा दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आता जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम झालाय. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारून. आणि आपल्याला काही झालं तर होईल ती गोष्ट वेगळी, पण आपल्या अंगातला आजार त्या मुलांना देऊन यायचा नाही, हेही तितकंच.

वहिनींना मी आणखी एक सांगितलं, ते जरा घाबरवणारं होतं, पण सांगणं भाग होतं. परदेशी कामाच्या नावाखाली फसवणूक खूप वाढलीय. कंबोडिया, म्यानमार, लाओस इथं नोकरीचं आमिष दाखवून नेलेल्या आपल्या मुलांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन ठगी करून घेतल्याच्या घटना घडल्या, आणि २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला कंबोडियाबाबत जाहीर इशारा द्यावा लागला. म्हणून तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर मुलीच्या मोबाइलमध्येही हवा आणि आईच्या डायरीतही. पासपोर्ट कुणाच्याही हातात ठेवायला द्यायचा नाही, संस्थेच्या ताईच्या सुद्धा. झेरॉक्स घरी. परतीचं तिकीट आपल्या जवळ. अडचण आली तर ‘मदद’ नावाचं परराष्ट्र मंत्रालयाचं पोर्टल आहे, घरचे इथून तक्रार नोंदवू शकतात.

भाषेचं सांगायचं राहिलं. रडणाऱ्या मुलाशी इंग्रजीत बोलून चालत नाही. स्वाहिली शिकायची म्हटल्यावर मुलगी आधी हसली, पण मग तिलाच गंमत वाटायला लागली. तिकडे खुशाली विचारायला ‘हबारी’ म्हणतात, म्हणजे आपली खबर. दोन्ही अरबीतून आलेले. दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाय’, आणि चपातीला चक्क ‘चपाती’. शंभर शब्द आधी पाठ असले, तर निदान ‘दुखतंय का’, ‘पाणी हवंय का’ एवढं तरी विचारता येतं.

आणि फोटो! आपल्या बायकांना हे आवर्जून सांगायला हवं. वाढदिवसाला आपण बालगृहात खाऊ वाटायला जातो, हौसेनं फोटो काढतो, संध्याकाळी स्टेटसला. आपल्या देशात बालन्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असा फोटो किंवा नाव छापणं, पसरवणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला स्वतःला कायद्यापेक्षाही दुसरं वाटतं. ते मूल उद्या मोठं होईल, कॉलेजात जाईल, लग्नाला उभं राहील. त्याच्या हातात पेढा देतानाचा आपला फोटो तेव्हा त्याला बघायला आवडेल का? परदेशातल्या मुलांनाही तोच न्याय. त्यांची आई आपल्याला कधी भेटणार नाही, म्हणून तिला विचारायचं नाही, असं थोडंच आहे?

मुलीनं ते पाच प्रश्न इंग्रजीत लिहून पाठवले. कंपनीचं उत्तर आलं, त्यात फी कधी भरताय एवढंच होतं. संस्थेचा थेट पत्ता काही त्यांनी दिला नाही. ती दोन दिवस चिडचिडली, माझ्यावरसुद्धा. मग एक दिवस येऊन म्हणाली, ‘काकू, मी तिथं जाऊन नेमकं काय करणार होते, तेच मला सांगता येईना.’ आता ती जिल्ह्यातल्याच एका बालगृहात शनिवारी जाते. तिथल्या अधीक्षक बाईंनी आधी बालकल्याण समितीचं विचारून घेतलं, कागद मागितले, आणि पहिले दोन महिने तिला मुलांजवळ फिरकूच दिलं नाही! रजिस्टर नीट लावायला बसवलं. मग हळूहळू दहावीच्या चार मुलींचं गणित. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि परीक्षा होईपर्यंत खाडा करायचा नाही ही अट. सांभाळणाऱ्या मावशी रात्रपाळी करून दिवसाही उभ्या असतात, त्यांना शनिवारी दोन तास पाठ टेकायला मिळते. मला विचाराल तर त्या दोन तासांचं मोल गणितापेक्षा जास्त आहे. दमलेली मावशी मुलावर खेकसते, झोप झालेली मावशी त्याचं ऐकून घेते. परदेशी जायचं तिच्या डोक्यातून गेलेलं नाही. आता ती अशी संस्था शोधतेय, जिथं मुलांच्या नव्हे, तर मुलं सांभाळणाऱ्या बायकांच्या प्रशिक्षणाचं काम मिळेल. मिळो.

वहिनींच्या एफडीवरून मात्र माझ्या डोक्यात एक हिशेब आला, तो सांगून टाकते. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे, आता तिच्या नावात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचंही नाव जोडलंय. मूल संस्थेत न घालता घरातच, आई, आजी, काका-मामांकडे वाढावं, म्हणून सरकार महिन्याला पैसे देतं. आधी ते फार तुटपुंजे होते, २०२३ पासून महिना २२५० रुपये झालेत. सहा आठवड्यांच्या त्या सहलीचे दोन लाख, भागिले २२५०. अठ्ठ्याऐंशी महिने येतात. म्हणजे एक मूल सात वर्षांहून जास्त काळ आपल्या आजीजवळ झोपू शकतं.

आणि गंमत अशी की हे पैसे मिळण्यासारखी मुलं आपल्याच गल्लीत असतात, पण त्यांच्या घरच्यांना योजना माहीत नसते. वडील गेलेले, आई गेलेली, दोघंही गेलेले, आई सोडून गेलेली, घरात मोठं आजारपण, आई किंवा बाप तुरुंगात. अठरा वर्षांच्या आतलं मूल हवं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा तिथल्या बाल संरक्षण कक्षात द्यायचा. पुढं घरी येऊन चौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते. मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, आई किंवा वडील गेले असतील तर मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक आणि फोटो, एवढं गोळा करून ठेवा. आणखी काही लागलं तर कार्यालयात सांगतात. मृत्यूचा दाखला काढायचाच राहून गेलाय असं पुष्कळ घरांत असतं, आणि आजीला एकटीला ते जमत नाही. मुलगी आणि मी मागच्या महिन्यात अशा दोन आज्यांना घेऊन कार्यालयात गेलो होतो. एकीचा कागद पूर्ण झाला. दुसरीच्या मुलाच्या नावात आधारकार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर एका अक्षराचा फरक आहे, तो दुरुस्त करून घ्यायला परत जायचंय, मंगळवारी.